छत आधी बोलतं

"मी जियोलॉजीच घेतो म्हटलं ना आई," समीक्षा म्हणाली. कॉलेजचा विषय ऑनलाइन टाकायचा आज शेवटचा दिवस होता आणि मोबाइल तिच्या हातातच होता.

"होम सायन्स घे," रीना पुन्हा तेच म्हणाली. गॅसवर डाळीचा कुकर होता.

समीक्षाला आईचा राग आला. जियोलॉजीचं वेड घरात आणलं होतं बापानंच. धम्मपाल मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली कामाला होता. पाळी लागली की तो सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन सगळ्यांच्या पुढे जायचा आणि छत ठोकून बघायचा. दगड खणखणला तर पक्का, भद्द वाजला तर सुटलेला. त्यानं "या" म्हटल्याशिवाय मागचा एक माणूस पुढे पाऊल टाकत नसे. लेकीला त्यानं पाढ्यांच्या आधी हे शिकवलं होतं. माठ ठोक, भिंत ठोक, काय म्हणते सांग. बापलेकीच्या या खेळात घरातलं एकही भांडं मार खाल्ल्याशिवाय सुटलं नव्हतं. "छत आधी बोलते, मंग पडते," तो म्हणायचा, आणि अशा बापाची लेक असल्याचा समीक्षाला फार अभिमान होता.

आता तो त्यांच्याकडे पाठ करून उंबरठ्यावर बसला होता, बुटाची नाडी बांधत.

"बाबा, तुमीच समजवा न् आईले."

त्यानं दुसरा बूट पायात सरकवला. मायलेकींच्या भांडणात पडायचं नसेल, असं तिला वाटलं.

कुकरची शिट्टी झाली. अशी कर्कश की दारातली चिमणी उडून गेली. लगेच दुसरीही झाली.

"रीना," धम्मपाल नाडीची गाठ आवळत म्हणाला, "शिटी काहून नाही होऊन राह्यली आज? डबा भर, उशीर होते."

समीक्षानं आईकडे पाहिलं. रीनानं गॅस बंद केला. गरज नसतानाही तिनं आवाज खाली घेतला.

"उन्हाळ्यापासून अस्संच हाये. ड्रिलच्या आवाजानं गेले कान. समोरून बोललं तं ओठावरून समजते त्याले."

"मंग खाली छत कसं..."

"कोणाले सांगू नको. माहीत पडलं तं घरी बसवतीन त्याले. मंग कोनतं कॉलेज न् कोनता विषय?" रीना डब्यात डाळ वाढू लागली. "म्हून म्हणतो, होम सायन्स घे. ते दगडाचं शिकशील तं तुले झोप नाही लागणार. मले नाही लागत, तेवढं पुरे हाये."



तेवढ्यात शेजारचा प्रेमलाल दारात आला. तोही खाणीत धम्मपालच्याच गँगमध्ये होता. खाली धम्मपालनं "या" म्हटलं की पहिलं पाऊल त्याचंच पडायचं. त्याला समोर पाहून धम्मपाल उठला, डबा घेतला आणि रोजच्या सवयीनं दाराची चौकट बोटांच्या पेरांनी ठोकली.

भद्द.

वाळवीनं ती चौकट आतून खाल्ली होती. समीक्षाला स्पष्ट ऐकू आलं. तिला बापानंच तसं ऐकायला शिकवलं होतं.

"पक्की हाये," धम्मपाल म्हणाला आणि अंगणात उतरला.

"बाबा!"

धम्मपाल चालत राहिला. वळून पाहिलं ते प्रेमलालनं.

"का झालं वो पोरी?"

रीनाचा हात समीक्षाच्या मनगटावर आला. डाळीच्या वाफेनं तो अजून गरम होता. प्रेमलाल थांबला होता. त्याच्या डोक्यावर खाणीचं पिवळं हेल्मेट होतं आणि चेहऱ्यावर शेजाऱ्याचं साधं हसू.

"काही नाही, काका," समीक्षा म्हणाली. "विषय फायनल झाला, ते सांगून राह्यली होती बाबाले."

"अस्सं. कोनता घेतला?"

"होम सायन्स."

"बेस केलं," प्रेमलाल म्हणाला, आणि लगबगीनं धम्मपालच्या मागे, त्याच्या पावलावर पाऊल टाकत निघाला.