राहीबाईची चटणी

इंद्रजितने डब्याचं झाकण काढलं, नाक पार आत घातलं आणि त्याच्या काळजात धस्स झालं. चटणीला वास नव्हता.

करोना आल्यापासून मस्कतच्या त्या खोलीचा रिवाज ठरला होता. सकाळी उठलं की आधी राहीबाईच्या कांदा-लसूण चटणीचा डबा हुंगायचा, मग चूळ भरायची. राहीबाई म्हणजे इंद्रजितची आई. रहिमतपूरला दमा सांभाळत बसलेली, सुईच्या भीतीने लस चुकवणारी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती लेकाला चटणी धाडणारी. तिच्या चटणीचा ठसका नाकात गेला की माणूस ठणठणीत. खोलीतल्या तिघांचाही तिच्यावर कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त भरवसा होता.

त्याने पुन्हा हुंगलं. काही नाही. दुसरं काही हुंगून बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही. घसा खवखवतोय असंही त्याला लगेच वाटू लागलं.

आणि नेमका आजच तपासणीचा दिवस. आज गुरुवार, शनिवारी सकाळी गावी जायचं विमान. निगेटिव्ह रिपोर्ट दाखवल्याशिवाय विमानात पाय ठेवू देत नव्हते.

बाहेर त्याचा चुलतभाऊ साईराज शीळ घालत बॅग भरत होता. त्याने आज डब्याकडे बघितलंही नाही. कसा बघणार? रविवारी सांगलीत त्याचा साखरपुडा होता. हळदीच्या अडत्याची मुलगी, शिवांजली.

शिवांजलीला आधी पाहिलं होतं इंद्रजितने. सांगलीला कॉलेजात असताना तीन वर्षं तो तिच्या बसने जायचा, स्वतःची बस सोडून. तोंड उघडायचं धाडस काही झालं नाही. साईराजने नुसता फोटो पाठवला आणि तिकडून होकार आला. त्याचं सगळं असंच. कामावर मागून लागला आणि सुपरवायझर आधी झाला. राहीबाईसुद्धा फोनवर पहिल्यांदा विचारायची, साईराज जेवला का. इंद्रजितचा जळफळाट व्हायचा. तो हसून लपवावा लागायचा, म्हणून आणखी व्हायचा.

आता हाच गडी साखरपुड्याला जाणार आणि आपण इथे खोलीत कोंडून पडणार. त्याला ते सोसेना.

दवाखान्यात रांग मोठी होती. फिनेलच्या उग्र दर्पाने इंद्रजितचं डोकं भणभणत होतं. खिडकीतून प्रत्येकाला एक फॉर्म मिळाला. त्याला टाचणीने एक चिकटपट्टी लावलेली. नाव नाही, नुसत्या काळ्या रेघा आणि आकडे. ती नर्स नमुन्याच्या नळीवर डकवणार आणि त्या आकड्यांवरून रिपोर्ट ज्याच्या त्याच्या फोनवर येणार होता.

साईराजचा फोन वाजला.

"धर रं जरा. सांगलीचा हाय," म्हणत त्याने आपला कागद इंद्रजितच्या हातात दिला आणि लाजत कोपऱ्यात गेला.

ते लाजणं बघितलं आणि इंद्रजितचा उरलासुरला विचार संपला. दोन टाचण्या निघाल्या, पट्ट्या इकडच्या तिकडे झाल्या, टाचण्या पुन्हा लागल्या. हात थरथरत होते. मिनिटभराचं काम. नर्सने नाव विचारलं नाही.

परतताना त्याने मनाशी सगळं जुळवलं. करोनामुळे साखरपुड्याची तारीख आधीच दोनदा मोडली होती. तिसऱ्यांदा मोडली तर दुसरं स्थळ बघू, असं मुलीच्या बापाने साफ सांगितलं होतं. आपण गावी जायचं, पंधरा दिवस मळ्यातल्या खोलीत एकटं राहायचं, आईला लांबूनच हात करायचा. तेवढी अक्कल त्याला होती. मग मामाला आपलं स्थळ घेऊन सांगलीला धाडायचं.

दुपारी जेवायला बसल्यावर साईराजने आमटीत तीनदा मीठ घातलं. आमटी आळणी झालीय म्हणून तो बिराप्पाला चिडवत होता. बिराप्पा जतचा, खोलीतला स्वयंपाक त्याच्याकडे. लग्नाळू माणसाला आळणी-खारट कुठलं कळायला, असं इंद्रजितच्या मनात आलं. त्याने स्वतः मात्र भीतीने घासही उचलला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दोघांचे रिपोर्ट फोनवर आले. साईराजने आपला मोठ्याने वाचला. निगेटिव्ह. इंद्रजितने आपला उघडला. पॉझिटिव्ह.

थरथरत्या हातांनी पट्ट्या होत्या तशाच परत लावल्या असतील, असं त्याने स्वतःला समजावलं. केल्या कर्माचं फळ. साईराजच्या डोळ्यांत पाणी आलं, पण इंद्रजितने त्याच्याकडे बघितलं नाही. मागच्या खोलीत जाऊन त्याने आतून कडी लावली आणि रात्रभर शिवांजलीच्या बोटात अंगठी बघत पडून राहिला.

सकाळी बिराप्पाने दाराशी ताट ठेवलं.

"खा दोन घास," तो बाहेरून म्हणाला. "ताटात चटणी हाय, पर घरची न्हाई. तुझ्या आईची बुधवारीच संपली. तू कावशील म्हणून डबा घासून पाकिटातलं तिखट भरून ठिवलं. निस्ता रंग हाय त्याला, वास न्हाई."

इंद्रजितने कडी काढली, दार बोटभर उघडलं. गरम आमटीतल्या लसणाच्या फोडणीचा वास भसकन नाकात शिरला.

"त्या साईराजला सांगू नगंस," बिराप्पा हसला. "त्याला तर कायबी कळंना. दोन दिस झालं, निस्तं मीठ वतून घेतोय. आमटीला चवच न्हाई म्हणतोय."

इंद्रजित दार धरून उभाच राहिला. जिन्यावर बॅगेची चाकं खडखडली. साईराज खालून ओरडला, त्याचा आवाज भरून आला होता.

"इंद्या, टॅक्सी आली रं. तू आईची काळजी करू नगंस. माज्या घरी जायच्या आदी काकीकडंच जातो. भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभी ऱ्हाते म्हणली. तोंडावरनं हात फिरवल्याबिगर, दोन घास भरवल्याबिगर सोडायची न्हाई ती मला. तुज्या वाटणीचंबी मीच घेतो."