अभिप्राय क्रमांक तीन

तिसरा अभिप्राय आचलनं पाचव्यांदा वाचला आणि लॅपटॉप विपुलकडे फिरवला.

"हा माणूस आपल्या वऱ्हाडातलाच हाय. सातवा प्रश्न पाह्य. 'तिथल्या उन्हात-धुळीत हे यंत्र जुळवणार कुठं?'"

"अमरावतीचं ऊन दिल्लीलेही ठाऊक हाय, मॅडम. रोज टीव्हीवर सांगतेत."

आचल हसली नाही.

ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, विपुल इलेक्ट्रॉनिक्स. जुन्या सायकल स्टँडला भिंती घालून केलेल्या प्रयोगशाळेत दोघांनी सहा वर्षं एक उपग्रह लेकरासारखा जोपासला होता. बुटाच्या खोक्याएवढा. एखादा तारा मरता मरता क्षणभर लखलखतो, ती लखलख टिपायची, एवढंच त्याचं काम. आणि यंदा केंद्र सरकारनं अशा छोट्या खगोलमोहिमांसाठी पहिल्यांदाच निधी जाहीर केला होता. देशभरातून दोनच प्रस्ताव निवडले जाणार होते. यंदा जमलं नाही तर जागा परत सायकलींना, असं प्राचार्यांनी बजावलं होतं.

प्रस्ताव निवड समितीच्या तीन तज्ज्ञांनी तपासला होता. त्यांची नावं गुप्त, त्यांनी दिलेले गुणही गुप्त. अर्जदाराला उत्तर देता यावं म्हणून फक्त अभिप्राय कळवले होते. पहिला दोन ओळींचा: काम उत्तम आहे, निधी द्यावा. दुसरा ना धड गोड, ना धड कडू. तिसऱ्यात चौदा प्रश्न, एकेक बाभळीच्या काट्यासारखा.

"पहिला कोणी भला माणूस दिसते," आचल म्हणाली. "आन् तिसरे वामनराव सर."

वामनराव तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. सात वर्षांपूर्वी प्रबंध हातात घेऊन ती उभी असताना त्यांनी सही नाकारली होती. काम अर्धवट आहे, म्हणाले. वर्ष गेलं. जर्मनीत ठरलेली जागा गेली. त्या दिवसापासून ती त्यांच्या घराची पायरी चढली नव्हती.

"नुसत्या संशयावर कसं म्हणता?" विपुलनं विचारलं.

"म्हणून तर अकोल्याले चालली."

रविवारी बडनेऱ्याहून ती गाडीत बसली. मूर्तिजापूर मागं पडलं, काटेपूर्णा मागं पडली. नांगरून टाकलेल्या काळ्या वावरांवर ऊन थरथरत होतं. मनातली अढी मात्र जागची हलत नव्हती.

दार वामनरावांनीच उघडलं. केस पार पांढरे झाले होते.

"आचल? ये, ये. एवढ्या उन्हात काहून आली?"

"सहज."

"सहज? सात वर्षांनी?" ते हसले. "बस कूलरपुढं. काकू तेल्हाऱ्याले गेली भावाकडं. चहा माह्या हातचा प्या लागते आता. पस्तावशील."

चहा खरंच पाणचट होता. बोलणंही तसंच चाललं. पोरं कशी आहेत, कॉलेज कसं आहे. मग त्यांनी बशीकडे बघत विचारलं, "उपग्रहाचं कसं काय? तो पुढचा पातळ पडदा टिकंल ना गं? हादऱ्यानं फाटला म्हंजे सारं मुसळ केरात."

आचलनं मान वर केली. भिंगापुढच्या त्या पडद्याची कल्पना तिनं प्रस्ताव पाठवायच्या शेवटच्या आठवड्यात घातली होती. विपुल सोडला तर ती फक्त प्रस्ताव वाचणाऱ्यांनाच ठाऊक.

"पडद्याचं तुम्हाला कोणी सांगितलं, सर?"

त्यांचा कप बशीवर वाजला. "तुह्यं डोकं मले माईत नाही का? केला अंदाज."

"तुम्ही समितीवर आहात?"

"असं कोणी इचारते का? आन् इचारलं त कोणी सांगते का?" ते उठून खिडकीशी गेले. "एक आयक. महिनाभर कोणाले काही लिहू नको. इथं आली होती, हेबी बोलू नको. गुपचूप राह्य."

"काहून?"

"मास्तर सांगते म्हणून."

तिनं अर्धा चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या.

अर्जदार आपला विद्यार्थी असेल तर तज्ज्ञानं तसं कळवून बाजूला व्हायचं, असा योजनेचा नियम होता. वामनरावांनी तो मोडला होता. आता पुरावा हवा तेवढा होता.

"दोन दिवस थांबू, मॅडम," सोमवारी विपुल म्हणाला. "चौदाच्या चौदा प्रश्नांची उत्तरं हायेत आपल्यापाशी. देऊ आन् मोकळे होऊ."

"उत्तरं कोणाले द्यायची? ज्यानं ऐकायचंच नाही असं ठरवलं, त्याले? त्यानं एकदा माह्यं वर्ष खाल्लं, विपुल. आता हे लेकरू खाऊ देऊ?"

तिनं उत्तरं पाठवली आणि सोबत तक्रारही. प्रबंधाचं पहिलं पान जोडलं, मार्गदर्शकाच्या नावाखाली रेघ मारून. पाठवताना बोट क्षणभरही अडखळलं नाही.

एकोणीस दिवसांनी दिल्लीहून उत्तर आलं. आचलनं ते उभ्या-उभ्याच मोठ्यानं वाचायला घेतलं.

"आपला आक्षेप ग्राह्य धरण्यात आला आहे. संबंधित तज्ज्ञांनी आपण त्यांच्या विद्यार्थिनी असल्याची बाब समितीपासून लपवली, असे चौकशीत आढळले."

"पाह्यलं?" ती विपुलला म्हणाली.

"वाचा पुढं."

"त्यांना समितीतून काढण्यात आले असून त्यांनी दिलेले गुण रद्द करण्यात येत आहेत. उर्वरित दोन तज्ज्ञांच्या गुणांची सरासरी निवडीच्या मर्यादेपेक्षा कमी असल्याने आपला प्रस्ताव नामंजूर..."

शेवटची ओळ विपुलनं तिच्या खांद्यावरून वाचली.

"रद्द केलेला अभिप्राय: क्रमांक एक. गुण: शंभरपैकी अठ्ठ्याण्णव."