बिटाच्या शेतातला खुंटा

ब्रेंकमान साहेब सडकेने आले नाहीत, शेतातून आले. सडकेवर लोक भेटतात. बीट नुकतेच काढून झाले होते, रात्री पाऊस पडून गेला होता आणि साहेबांचे बूट समारंभाचे होते. खुंट्यापाशी पोहोचेपर्यंत त्यांच्या एकेका पायाला पाव किलो लिनराथ गाव चिकटलं होतं.

खुंट्यापाशी शेताची मालकीण उभी होती, मेख्टिल्ड एसर. तिची नणंद केटे ट्रॅक्टरच्या पायरीवर बसून थर्मासमधली कॉफी पीत होती.

"या साहेब," केटे म्हणाली. "पायी? धूर नको म्हणून का?"

साहेब हसले. हवामान-रक्षण मंडळाच्या अध्यक्षाला अशा विनोदांवर हसावंच लागतं.

पवनचक्कीवाल्यांनी मेख्टिल्डच्या शेतात लाल टोकाचे दोन खुंटे ठोकून ठेवले होते. एक पार जंगलाच्या कडेला, एक इथे. दोन्ही जागा कायद्यात बसत होत्या. मालकिणीने नको असलेला खुंटा उपटायचा, उरेल तिथे चक्की उभी राहणार. मोजणीदार दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

"एसरबाई, एक लक्षात घ्या. मी पवनचक्कीच्या विरोधात नाही."

"छे, कसे असाल?" केटेच बोलली. "परवा चौकात तुमचंच भाषण ऐकलं. सगळ्या युरोपचं भवितव्य वाऱ्यावर आहे म्हणालात. आम्हाला वाटलं, साहेब पहिल्यांदाच खरं बोलले."

साहेबांनी टेकाडाकडे बोट केलं. वर त्यांचं नवं घर होतं. पश्चिमेची भिंत सगळी काचेची. ऊब वाचवणारं घर म्हणून त्याला बक्षीससुद्धा मिळालं होतं. "चक्की इथे आली, तर सूर्य खाली आला की पात्यांची सावली आमच्या दिवाणखान्यात फिरणार. माझ्या बायकोला, हिल्टरूनला, आधीच अर्धशिशी. उजेड-अंधार, उजेड-अंधार. वेड लागेल हो माणसाला."

"सोफा कुठे ठेवलाय तुम्ही?" केटेने विचारलं. "काचेपाशी? तिथे माझा भाऊ होता."

टेकाड म्हणजे जुन्या लिनराथची दफनभूमी. कोळशासाठी गाव उठवलं तेव्हा आधी जिवंत माणसं हलवली, मग मेलेली. खाणकंपनीत हे हलवाहलवीचं खातं साहेबांकडे होतं. गाव पाडून झाल्यावर बर्लिनला आणि ब्रुसेल्सला कळलं की कोळसा वाईट असतो. खोदायचं यंत्र बांधापर्यंत आलं होतं, ते तिथेच थांबलं. ज्याच्यासाठी गाव गेलं तो कोळसा अजून जागच्या जागी आहे. आपल्या पाडलेल्या घराची जागा मेख्टिल्डने परत घेतली आणि बीट लावले. टेकाड साहेबांनी घेतलं. वरून देखावा छान दिसतो.

"मी नोकर माणूस होतो, बाई. ठरवणारे वर बसले होते."

"वारासुद्धा वरूनच येतो," मेख्टिल्ड म्हणाली.

"मग उद्याच्या सभेत सांगा ना साहेब," केटेला आता रंग चढला होता. "माइकवर. 'मी मंडळाचा अध्यक्ष. चक्की हवीच, पण माझ्या दारात नको.' पहिली टाळी माझी."

"तसं बोलता येत नाही म्हणून तर इथे आलो." साहेबांनी आवाज खाली आणला. ऐकायला ट्रॅक्टरशिवाय कुणी नव्हतं. "दोनशे मीटरचा तर प्रश्न आहे. जंगलाकडे वाराही बरा असतो. विनंती करतो, बाई. आता या वयात आम्ही कुठे जायचं?"

मेख्टिल्ड वाकली. दोन्ही हातांनी तिने खुंटा धरला आणि डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला. माती ओली होती. खुंटा सैल झाला.

"वहिनी!" केटे उठली. कॉफी सांडली.

साहेबांचे खांदे खाली आले. "मला खात्री होती. तुम्ही पहिल्यापासून समजूतदार. तेव्हासुद्धा सगळ्या गावात तुमचीच कटकट कमी होती."

"एकच केली होती." मेख्टिल्डचे हात खुंट्यावरच होते. "अक्रोड गळेपर्यंत थांबा म्हटलं होतं."

"कोणता अक्रोड?"

"इथला. तुम्ही उभे आहात ना, तिथपर्यंत त्याची सावली पडायची."

साहेबांनी पायाखाली पाहिलं. मनापासून आठवून पाहिलं. खाली बिटाची पानं होती.

"असेल," ते म्हणाले. "झाडं बरीच होती हो."

मेख्टिल्डने टाचेने दोन-चार खडे खुंट्याच्या बुडाशी सारले आणि नणंदेपुढे हात केला.

"हातोडा दे."

"मेले मी, वहिनी! मला वाटलं, उपटतेस आता."

"हलवल्याशिवाय पक्का बसतो का खुंटा?"

घाव बसत गेले. साहेब प्रत्येक घावाला डोळे मिटत होते. खुंटा जेमतेम वीतभर वर राहिला तेव्हा ती थांबली.

तिच्या मागे सूर्य उतरला होता. त्या वीतभर खुंट्याची सावली पानांवरून लांबत लांबत साहेबांच्या बुटांपर्यंत पोहोचली होती, आणि चिखलातून पाय काही निघत नव्हता.