तेराव्याचा आहेर

"आता किशनरावांचा आहेर," सिताराम म्हणाला आणि मांडवातल्या माना वळल्या.

किशनराव सावरून बसला. भुजंगच्या तेराव्याला अर्धं राणीसावरगाव जमलं होतं आणि पंगत बसण्याआधी तेवढी मानाची टॉवेल-टोपी द्यायची राहिली होती. भुजंग बावीस दिवस परभणीच्या दवाखान्यात पडून होता. सख्ख्या सोयऱ्यांनी दोनदा तोंड दाखवलं. हा दोस्त मात्र एक दिवसाआड एसटीने जायचा, तोही रिकाम्या हाताने नाही, बिस्किटांचा पुडा घेऊन. असा मित्र मिळायला नशीब लागतं, असं सकाळपासून चार जण म्हणाले होते आणि किशनरावाने चौघांनाही "चालायचंच" म्हणून खाली बघितलं होतं.

भुजंगचा धाकटा भाऊ सिताराम. त्याने टिळा लावला, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. नारळ द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात घरातून भुजंगची बायको केवळाबाई बाहेर आली. तेराव्याच्या दिवशी विधवेने पुरुषांच्या मांडवात यायचं नसतं. ती आली.

"थांबा. ह्यांचा आहेर मी देते."

"वैनी, तुमी कशाला..."

"माझ्या नवऱ्याची सेवा केली त्यांनी. मी न्हाई द्यायचा तर कोण देणार?"

तिने पदराखालून एक बिस्किटाचा पुडा काढला आणि किशनरावाच्या हातात ठेवला. किशनरावाने पुडा ओळखला. एका बाजूने उघडून खळीने पुन्हा चिकटवलेला होता तो. त्याने पुडा हळूच सितारामकडे सरकवायला बघितला.

"आहेर परतवायचा नसतो, भावजी. तेराव्याचा तर न्हाईच न्हाई. उघडा."

"खरंय," कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! किशनरावाने पुडा फाडला. वर दोन बिस्किटं होती, खाली दोन होती. मधे बिड्या होत्या.

केवळाबाईने आवाज चढवला नाही. "डॉक्टरनी मला बसवून सांगितलं व्हतं. फुप्फुस सडलंय, बिडी बंद केली तरच औषध लागू पडंल. म्हणून मी त्यांचे खिसे बघायची, उशी बघायची. अन् दर खेपेला ह्यो पुडा तुमी माझ्याच हातात द्यायचे. 'वैनी, दोस्ताला बिस्किटं द्या.' मी दिली. नाकातली नळी काढून संडासात जायचे, तवा वाटायचं पोट बिघडलं. जेवण जात न्हाई, निदान बिस्किटं तरी खायलेत म्हणून मी तुमच्या पाया पडले, किशनराव. त्यांना नेल्यावर खाटंवरची गादी उचलली, तवा ह्यो घावला. उघडून बघितला अन् व्हता तसा चिकटवून ठिवला."

मांडवात ज्यांच्या कानावर बिडी होती त्यांनी ती गुपचूप काढून खिशात घातली.

"वैनी, त्यो हात जोडायचा हो," किशनराव पुटपुटला. "लय तळमळायचा. माझ्यानं बघवंना."

"अन् माझ्यापुढं न्हाई जोडले? रोज जोडले. मी दिली न्हाई. म्हणून शेवटचे नऊ दिवस एक शब्द बोलले न्हाईत माझ्याशी. तोंड भिंतीकडं. तुमी आले की मात्र उठून बसायचे, हसायचे. तुमी देवमाणूस अन् मी वैरीण!"

इथे तिचा आवाज फाटला. तेरा दिवस ती चारचौघींसारखी रडली होती. आताच्या रडण्यात दुःख थोडं आणि संताप जास्त होता. पदराने तोंड पुसून ती पुन्हा ताठ उभी राहिली.

"ओढा," ती म्हणाली.

"आँ?"

"एक ओढा. त्यांच्या नावानं. आहेर हाय."

वाढपी बादल्या घेऊन खोळंबले होते. आहेर उरकल्याशिवाय पंगत बसत नाही आणि भूक सगळ्यांनाच लागली होती. त्यामुळे म्हणा किंवा लाजेने म्हणा, किशनरावाच्या बाजूने कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटी त्याने स्वतःच्याच खिशातून काडीपेटी काढली. दोन काड्या विझल्या. तिसरीवर बिडी पेटली.

दुसऱ्या झुरक्यालाच त्याला खोकला आला. आला तो थांबेना. नवी टोपी मातीत पडली, डोळे लाल झाले. त्याची बायको शालू बायकांमधून उठून पाणी घेऊन धावली आणि त्याची पाठ चोळायला लागली. "काई न्हाई, रोजचंच हाय ह्यांचं," ती लोकांना सांगत होती. "सकाळी तर अर्धा अर्धा तास..."

आणि ती मधेच गप्प झाली. नवऱ्याच्या पाठीवरचा तिचा हात तसाच राहिला.

केवळाबाई मान तिरकी करून तो खोकला ऐकत होती. तिला त्यातलं आता दवाखान्यातल्या नर्सइतकं कळत होतं.

"कोरडा हाय अजून," ती म्हणाली. "त्यांचा बी आधी असाच व्हता. रगत पडायला दीड वरीस लागलं."

शालूने तिच्याकडे बघितलं. केवळाबाईने वाढप्यांना पंगत बसवायची खूण केली, आणि आत जाता जाता किशनरावाला अगदी मायेने म्हणाली,

"सावकाश ओढा, भावजी. मला काई घाई न्हाई."