भीमाची कोप

पडद्यामागं भीम होता, आणि धुरपदाबाईंना ते सांगायचं कसं, एवढंच शिवकांताला कळत नव्हतं.

म्हातारी दारात उभी होती. डोक्यावर टोपलं, त्यात आंबिलीचं लहानसं मातीचं बिंदगं, फडक्यात बांधलेले बाजरीचे उंडे आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी. चपला तिनं पायरीवरच काढल्या होत्या. वस्तुसंग्रहालयात चपला काढून येणारी ती एकटीच.

आत मात्र वस्तू नव्हत्या, कपडे होते. गाऊन, कुर्ते, 'एकावर एक फ्री'चे फलक. हॉल दहा दिवसांसाठी सेलला दिला होता आणि हलवता येईल ते सगळं मागच्या खोलीत रचलं होतं. सकाळपासून गिऱ्हाईक एक नाही. पुण्याहून आलेला सेलवाला कृष्णराज स्टुलावर बसून दारातल्या उन्हाकडं बघत होता.

"ताई, तुमच्या गावात कर्फ्यू लागलाय का?" त्यानं दोनदा विचारलं होतं.

"येळवस हाय साहेब, वेळा अमावस्या. आज गावात मांजर बी सापडायचं न्हाय. समदी शेतात. कडब्याची कोप करायची, खोपटावानी, आत दगडाचे पाच पांडव मांडायचे, त्यांस्नी जेवू घालायचं, मग आपण जेवायचं."

"आणि सेल?"

"सेलचं पांडवांना ठावं न्हाय," शिवकांता म्हणाली होती.

धुरपदाबाईंच्या शेतात पाचांतले चारच उरले होते. सगळ्यांत थोराड दगड साहेबलोकांनी बारा वर्षांमागं जीपमधून इथं आणला. पिढ्यान्‌पिढ्यांचा चुना धुतला, तर आतून मूर्ती निघाली. डोकं नाही, कमरेला नक्षीचा पट्टा. पट्ट्याच्या खाचांत अजूनही पांढरं होतं. पाटीवर लिहिलं गेलं, 'पुरुषमूर्ती, शिर भग्न'. म्हातारीच्या लेखी तो भीम होता आणि भीमच राहिला. दर येळवशीला ती त्याचा नैवेद्य घेऊन यायची. शिवकांता सुट्टी असूनही किल्ली घेऊन यायची, दार उघडायची, आणि 'हात लावू नये' या पाटीकडं तोंड करून पाच मिनिटं उभी राहायची. तेवढीच तिची नोकरीशी बेइमानी.

"कुठं हाय गं? मागं टाकला व्हय?"

"न्हाय मावशी. सहा गडी लागले. हललाच न्हाय."

"भीमच त्यो," म्हातारी समाधानानं म्हणाली. "मग?"

शिवकांतानं कोपऱ्याकडं बोट केलं. चार पाइप उभे केलेले, त्यांवरून खाली सोडलेला मरून पडदा, वर चिकटवलेला कागद: ट्रायल रूम. म्हातारीला अक्षर येत नव्हतं हे बरंच होतं. पडद्याची दोरी शिवकांतानं स्वतःच्या हातानं बांधली होती, साहेबांनी सांगितलं म्हणून. आज आल्या आल्या तिनं भीमाच्या तुटक्या खांद्यावर कुणीतरी अडकवलेला गाऊन काढला होता, ओल्या फडक्यानं दगड पुसला होता. तरी तिची मान वर होत नव्हती.

तिनं पडदा सारला. "मावशी, म्या..."

म्हातारी ऐकत नव्हती. तिनं पडद्याचं कापड चिमटीत धरून पाहिलं. वर पाहिलं, चारी बाजूंनी पाहिलं. मग टोपलं खाली ठेवलं.

"कोप घातलीस व्हय गं त्याला?"

शिवकांतानं पडदा पार कडेला सारला.

"बारा सालं उघड्यावर जेवला बघ. भावांच्या डोईवर कोप, अंगावर शाल, अन् ह्यो त्या ट्यूबलायटीखाली."

म्हातारी वाकून पान मांडायला लागली. शिवकांतानं सवयीनं पाठ फिरवली. पाटी मागच्या खोलीत गेली होती. समोर गाऊनांची रांग होती. ती गाऊनांकडं तोंड करून उभी राहिली.

म्हातारीचा फोन वाजला. पलीकडून लेकाचा आवाज हॉलभर ऐकू आला, "आई, आटप की! पोरं भुकेजलीत!"

"थांबा गप. भीमाच्या आधी घास न्हाय."

मग तिनं ओंजळीत आंबील घेतली आणि शेताभोवती शिंपावी तशी हॉलच्या कडेकडेनं शिंपत निघाली. थेंब कुर्त्यांवर पडले.

"अहो आजी, माल..." कृष्णराज उठला. शिवकांतानं नुसता हात वर केला. तो परत बसला.

फेरी पुरी करून म्हातारी त्याच्यापुढं थांबली. तिनं त्याच्या तळव्यावर उंडा ठेवला, त्यावर भज्जी. "खा लेकरा. आज कुणी उपाशी ऱ्हाऊ नये."

गावातलं हॉटेलही बंद होतं. तो सकाळपासून बिस्किटांवर होता. पहिल्या घासालाच त्याचा आवाज बदलला. "आजी, काळजी करू नका हं. हे सगळं तात्पुरतं आहे. रविवारी पडदे काढून घेतो."

शिवकांतानं डोळे मिटले.

म्हातारीनं पडद्याकडं बघितलं. "तात्पुरतंच न्हेतो म्हनले हुते त्ये बी," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. "जीपवाले."

रिकामं बिंदगं तिनं टोपल्यात ठेवलं. शिवकांतानं टोपलं उचलून तिच्या डोक्यावर दिलं, आणि इतकी वर्षं मनात असलेलं बोलून गेली. "मावशी, त्याच्या जागी दुसरा दगड मांडा की. शेतात दगडाला काय तोटा? ह्यो हेलपाटा तरी चुकंल."

"अन् ह्यो आल्यावर बसंल कुठं?"

पायरीवर चपला घालता घालता तिनं फोन लावला.

"जेवा आता," ती म्हणाली. "पाची जेवले."