अकरावा दगड

पहार बाजूला ठेवून गवंडी इराप्पा मागे सरला. "ताई, हे गोल दगड न्हाई काढायचे. खाली धा महाराज बसल्यात, मांडी घालून."

मठ विकत घेतल्यावर मृदुलाला इथे स्वयंपाकघर करायचे होते. दगड तिने मोजले होते. "अकरा आहेत की."

"अकरावा मोकळा. गादीवर बसंल त्यानं पैल्या दिवशी आपली समाधी खणून ठिवायची, ही हितली रीत. शेवटच्या महाराजांनी खणली, आन् मग मठच इकला."

दगड सरकवला तर आत चुन्याने गुळगुळीत केलेला खड्डा होता, दिव्यासाठी कोनाडासुद्धा. आपण एका म्हाताऱ्याची शेवटची जागा बळकावली, हे मृदुलाला सोसेना. तिने त्यांना शोधून बोलावले.

महाराज काठी टेकत आले.

"तुमची जागा मी बुजवणार नाही," ती म्हणाली. "ती तुमचीच."

"माझी कुठली, बाई? गादी विकली, तशी तीही विकली. आता मालकाची." त्यांनी आत डोकावले, मग मृदुलाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"तुम्हाला जरा खोल होईल."