नाही म्हणायचं काम

“तूच सांगायचंस त्याला,” बाई म्हणाल्या. “तुझ्या तोंडून. मग मी सभागृहात जाते.”

हिरोनं मान डोलावली, कोट सारखा केला आणि शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पक्षात सगळे त्याला हिरोच म्हणत. आधी चेष्टेनं, नंतर मनापासून. साधी नगरपालिकाही त्यानं कधी चालवली नव्हती, पण सभा जिंकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सभागृहात पक्षाची वडीलधारी मंडळी केव्हाची ताटकळत बसली होती. अध्यक्ष म्हणून बाईंनी आत जाऊन नाव घ्यायचं, की हिरो पंतप्रधानपदाचा उमेदवार. खाली रस्त्यावर जमलेल्या लोकांनी तर त्याला घोषणांमधून शपथ देऊनही टाकली होती.

बाईंनी त्याच्यापुढे एकच काम ठेवलं होतं. शेजारच्या खोलीत जाड्या बसला होता. जाड्या म्हणजे हिरोचा कॉलेजपासूनचा जिवलग. याच्या पहिल्या निवडणुकीची पोस्टरं त्यानंच भिंतींवर डकवलेली. गेल्या आठवड्यात हिरो लवाजम्यासह हॉस्पिटलात अपघातातल्या जखमींना भेटायला गेला. ड्यूटीवरच्या नर्सनं एवढ्या गर्दीसाठी वॉर्डचं दार उघडायला नकार दिला, आणि जाड्यानं तिच्या कानाखाली जाळ काढला. तिला त्या कानानं अजून ऐकू येत नव्हतं. जाड्याला पक्षातून काढायचं हे ठरलं होतं. हिरोनं ते फक्त सांगायचं होतं.

फक्त सांगायचं, तरी बाईंना खात्री वाटत नव्हती. या मुलाला त्यांनी कधी कुणाला नाही म्हणताना पाहिलं नव्हतं. जो भेटे त्याला वाटे, हा आपलाच.

बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. बाईंना जरा धीर आला. मग एकदम हसू फुटलं, दोघांचं, पोट धरून हसावं तसं. हकालपट्टी झाल्यावर कुणी असं हसत नाही, हे कळायला अध्यक्ष असावं लागत नाही.

दार उघडलं. जाड्या पुढे, त्याच्या पाठीवर हात ठेवून हिरो मागे.

“बाई, उगाच घाबरलो होतो मी,” जाड्या म्हणाला. डोळे ओले होते त्याचे. “याला म्हटलं, तू फक्त देश सांभाळ. बाकी मी आहेच.”

बाईंनी हिरोकडे पाहिलं. “काय सांगितलंस याला?”

“बाई, निवडणूक तर होऊ द्या. मग बघू. आजच्या दिवशी कशाला कुणाचं मन मोडायचं?”

“आणि काल त्या नर्सला काय सांगितलंस?”

“हा यापुढे आमच्यात दिसणार नाही म्हणून.”

हे त्यानं इतक्या निर्मळ चेहऱ्यानं सांगितलं, की दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतील असं क्षणभर बाईंनाही वाटलं. खोटं बोलतोय म्हणावं, तर तसंही नव्हतं. ज्याच्यासमोर उभा असेल त्याचं भलं व्हावं असं त्याला खरंच वाटायचं.

बाई जाड्याकडे वळल्या. “तू आता पक्षात नाहीस. आत्तापासून. त्या नर्सचा कान गेलाय.”

जाड्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. त्यानं मित्राकडे पाहिलं. हिरोचाही चेहरा पडला होता, अगदी मनापासून.

“जाड्या, मला काय वाटतंय ते तुला सांगता येत नाही. माझ्या हातात असतं ना, तर…”

“आत तर म्हणालास, तुझ्याच हातात आहे म्हणून.”

खालच्या घोषणा खिडकीच्या काचेतूनही ऐकू येत होत्या.

“तू तोंडावर सांगितलं असतंस,” जाड्या म्हणाला, “तर तुला आईबहिणीवरून शिव्या घातल्या असत्या. आणि उद्या तुझ्यासाठीच मतं मागत फिरलो असतो.”

तो मागच्या जिन्यानं उतरून गेला. हिरो जिन्याकडे बघत राहिला, पण त्याच्या मागे गेला नाही.

“उद्या जाड्या आणि नर्स अशी दोनच माणसं नसतील तुझ्यासमोर,” बाई म्हणाल्या. “अर्धा देश एका खोलीत, अर्धा दुसऱ्या. तेव्हाही दोघांना हसवून बाहेर काढशील?”

“शिकेन की, बाई.” तो लहान पोरासारखा जवळ आला. “तुम्ही आहात ना.”

त्या तीन शब्दांनी बाईंचा अर्धा राग विरघळला, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. आणखी दोन वाक्यं तो बोलला, तर त्या होय म्हणून बसतील. त्या पटकन वळल्या आणि सभागृहाकडे चालू लागल्या. काय बोलायचं ते ठरलं होतं: अजून नाही. हा चांगला आहे, पण अजून तयार नाही. साधं वाक्य होतं. त्यांनी ते चालता चालता दोनदा मनात म्हणून पाहिलं.

त्यांनी दार ढकललं. सगळं सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्यासाठी एवढ्या टाळ्या? मंडळी त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती. तेवढ्यात त्या खांद्यावर हिरोचा उबदार हात पडला.

बाईंनी तो हळूच उचलून बाजूला केला, टेबलाशी गेल्या आणि टाळ्या थांबायची वाट बघत उभ्या राहिल्या. टाळ्या काही थांबेनात.